उजव्या टाचेखालून

मी बोलतेय ती एका उजव्या बुटाच्या आतून. दुकानात मला इनसोल म्हणतात, घरात बुटातली गादी. गादी या शब्दात जो आराम सुचवलेला असतो तो माझ्या वाट्याला आला नाही, आणि ज्या पायाखाली मी राहिले त्याच्या वाट्याला तर मुळीच नाही.

सामान्य गाद्या यंत्रातून शेकड्यांनी बाहेर पडतात आणि कोणाच्याही पायाला चालतात. मी तशी नाही. मी एकाच बाईच्या एकाच पायासाठी घडवली गेले. तिच्या डाव्या पायासाठी माझी एक बहीण केली गेली. तिच्याविषयी फार सांगण्यासारखं नाही, ती सुखात राहिली. मऊ फोम भरलेल्या खोक्यात त्या बाईला उभं केलं, तळव्याचा ठसा घेतला, ठशात प्लास्टर ओतून पावलाची प्रतिकृती काढली आणि तिच्यावर मला तापवून दाबलं. तळव्याच्या कमानीखाली उभार, टाचेसाठी खोलगट वाटी, वाटीच्या तळाशी मऊ रबराचा तुकडा. कारागिरांना जसं सांगितलं होतं तसं त्यांनी केलं. माझ्या घडणीत केसाएवढीही चूक नाही. चूक त्याआधी झाली होती, आणि ती बोलण्यात झाली होती.

ते बोलणं मी स्वतः ऐकलेलं नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. सगळं होऊन गेल्यावर बाईनेच ते आपल्या आईला सांगितलं, तेव्हा मी पलंगाखाली पडून होते.

ही बाई अग्निशामक दलात होती. तिथे तिला सगळे 'शिडी' म्हणत. उंच होती म्हणून नव्हे. भिंतीला शिडी लागली की तिच्यावर पहिला पाय हिचा, म्हणून. या नावाचा तिला किती अभिमान होता हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण कोणी खऱ्या नावाने हाक मारली की ती क्षणभर उशिराने वळत असे.

त्या केंद्रावर एक रिवाज होता. सकाळी कवायतीआधी केंद्रप्रमुख रांगेसमोरून चालत जात आणि प्रत्येकापुढे थांबून एकच शब्द विचारत, "तब्येत?" उत्तरही एकच असे, "ठीक!" दुसरं उत्तर द्यायला मनाई नव्हती. फक्त ज्याने ते दिलं तो त्या दिवशी बंबावर चढत नसे, त्याच्या वाटचं ओझं शेजारच्याला उचलावं लागे, आणि चहाच्या वेळी त्याच्या दुखण्याची चौकशी अशा काही मायेने होई की पुन्हा दुखणं काढायची त्याची छाती होऊ नये. तापाने फणफणलेली माणसं "ठीक" म्हणत. पाठ धरलेली माणसं ताठ उभी राहून "ठीक" म्हणत. आपण खोटं बोलतो आहोत असं त्यांना वाटत नसे. ती कवायतीचीच पहिली पायरी होती.

शिडीची उजवी टाच धावताना दुखू लागली ती वार्षिक चाचणी तोंडावर आलेली असताना. नळीची जड गुंडाळी खांद्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या मारायच्या, मग कवायतीच्या मनोऱ्यावर शिडीने चढून उतरायचं, आणि हे सगळं ठरलेल्या वेळेत. जो नापास होईल त्याला नियंत्रण कक्षात फोनवर बसवत. तिथून परत बंबावर आलेलं कोणी कोणाच्या आठवणीत नव्हतं.

म्हणून ती फिजिओथेरपिस्टकडे गेली. तरुण, नीटनेटका माणूस होता. त्याने विचारलं, "किती दुखतं?"

"थोडं."

"धावायला लागल्यावर कमी होतं की वाढतं?"

सगळं काही या प्रश्नावर अवलंबून होतं. तळव्याखालची नस ताणली असेल तर पहिली पावलं जड जातात, मग पाय मोकळा होतो. हाडाला बारीक तडा असेल तर पावलागणिक दुखणं चढत जातं. शिडीचं दुखणं चढत होतं.

"कमी होतं," ती म्हणाली.

त्याने टाच दोन्ही तळहातांत धरून बाजूंनी दाबली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तडा असलेलं हाड असं दाबलं की माणूस कळवळतो. तो चेहरा मात्र वर्षानुवर्षं रांगेत उभा राहिलेला होता.

"इथे?"

"ठीक आहे."

"एक्स-रे काढून घेऊ या का?"

"केंद्रावर कळेल?"

"विश्रांती लिहून द्यावी लागली तर कळणारच."

"मग नको. चाचणी होऊ दे."

त्याने नस ताणल्याचं निदान केलं, पाय ताणण्याचे व्यायाम शिकवले, धावणं कमी करायला सांगितलं आणि माझी मागणी कारागिरांकडे पाठवली. मी त्याला सगळा दोष देत नाही. त्याला जे सांगितलं गेलं त्यावरून त्याचं निदान बरोबर होतं. पण "मग नको" हे दोन शब्द ऐकल्यावर त्याने कागदावर झुकलेली मान एकदा वर करायला हवी होती, असं मला वाटतं.

मी चुकीच्या दुखण्यासाठी जन्मले आहे हे मला पहिल्याच सकाळी कळलं. पहिल्या फेरीत टाच माझ्या वाटीत व्यवस्थित बसली. दुसऱ्या फेरीत ती बिचकत येऊ लागली, आणि त्यानंतर येईचना. पाऊल बाहेरच्या कडेवर पडे, तिथून बोटांवर जाई आणि टाच अधांतरी राही. जिच्यासाठी ते मऊ रबर घातलं होतं ती टाच त्याला शिवेनाशी झाली. रोज माझी बाहेरची कड तेवढी दबत गेली. मला हातात घेऊन नीट पाहिलं असतं तर तो सगळा वृत्तांत कोणालाही वाचता आला असता. फिजिओथेरपिस्टने पुन्हा बोलावलं होतं. ती गेली नाही.

केंद्रावर एकाच्या लक्षात आलं. बंबाचा चालक, ज्याला लहानथोर सगळे मामा म्हणत, तो मैदानाच्या कडेला बंब पुसत असे.

"काय गं शिडी, लंगडी घालतेस? मलाही घे की खेळायला!"

"तुम्हाला कसं घेणार मामा? तुमचं पोट रेषेबाहेर जातं, पहिल्या डावात बाद व्हाल."

बाकीचे खो खो हसले. मामाही हसला. मग ती पाणी प्यायला आली तेव्हा फडकं पिळत हळूच म्हणाला, "थट्टा राहू दे. टाच टेकत नाहीये तुझी. साहेबांच्या कानावर घालू का? चाचणी पुढे ढकलतील."

"पुढे ढकलत नाहीत मामा, खुर्ची देतात. एक अक्षर बोललात तर तुमच्या बंबावर पाय ठेवणार नाही."

"बरं बाई, नाही बोलत."

मामा शब्दाचा पक्का निघाला. अनर्थ झाला तो त्यामुळेही.

घरी ती आणि तिची आई, दोघीच. आईने मुलीच्या चालण्यातला फरक पहिल्याच आठवड्यात हेरला.

"पाय असा वाकडा का टाकतेस गं?"

"नवीन गाद्या आहेत ना. सवय व्हायला वेळ लागतो."

"मग काढून टाक त्या मेल्या."

"डॉक्टरांनी दिल्यात, आई."

अशा रीतीने घरात माझी बदनामी सुरू झाली. आईने एकदा मला बुटातून उपसून खिडकीत उन्हाला ठेवलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ही एका बाजूलाच का झिजलीय?"

क्षणभर मला वाटलं, आता कळेल.

"माझी चालच तशी आहे," मुलगी आतून म्हणाली. आईने मला झटकलं आणि परत बुटात सारलं.

चाचणीच्या सकाळी तिने पायाला घट्ट पट्टी बांधली आणि बुटाची नाडी इतकी आवळली की मला श्वास घेता येईना; मला श्वास नसतो, पण दुसरा शब्द सापडत नाही. रांग उभी राहिली. साहेब समोर आले. "तब्येत?" "ठीक!" तिचा आवाज इतरांपेक्षा खणखणीत होता.

फेऱ्या तिने बोटांवर आणि कडेवर काढल्या. खांद्यावरची गुंडाळी तिला टाचेवर ढकलत होती आणि ती टाच उचलून धरत होती. अखेरीस पोटरी थकली आणि टाच खाली आली. ती माझ्या वाटीत पडली तेव्हा हाडाच्या आतलं काहीतरी हललेलं मला स्पष्ट जाणवलं. ती थांबली नाही. मनोऱ्याच्या शिडीवर मात्र ती पूर्वीसारखीच चढली, कारण पायऱ्यांवर पाऊल पुढच्या भागानेच टेकतं. वर पोचून तिने घंटा वाजवली. खालून मामाचा आवाज आला, "शाब्बास गं पोरी! ये आता खाली, सावकाश ये!"

सावकाश उतरणं तिला परवडणारं नव्हतं. दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत वेळ मोजला जातो, म्हणून तिथले सगळेच शेवटच्या काही पायऱ्या सोडून उडी मारतात. तिने उडी मारली. सवयीने दोन्ही टाचा एकदम जमिनीवर आल्या.

माझ्या तळाशी जे मऊ रबर होतं त्याने आपलं काम केलं. ते ताणलेल्या नसेसाठी होतं. तडकलेलं हाड सावरणं त्याला जमणारं नव्हतं.

ती उभी राहिली. ताठ. साहेबांनी घड्याळ पाहून मान डोलावली, "वेळेत." टाळ्या पडल्या. त्या संपल्यावर तिला पुढचं पाऊल टाकायचं होतं, आणि ते टाकायला तिच्याकडे पाय उरलेला नव्हता. मामाने तिला उचलून नेलं. बूट त्यानेच कापून काढला, त्याच्यासकट मीही निघाले.

चाचणीत ती उत्तीर्ण झाली. हा निकाल आजही कायम आहे, तो कोणी बदललेला नाही.

टाचेचे तुकडे झाले होते. ते धातूची पट्टी आणि स्क्रू घालून जुळवले. शल्यविशारद सरळ बोलणाऱ्या बाई होत्या. "चालाल," त्या म्हणाल्या. "दुखत राहील, पण चालाल. धावणं नाही. शिडीवर तर मुळीच नाही. महिनाभर आधी आला असतात तर नुसत्या विश्रांतीने भरून आलं असतं हे."

मामा घरी भेटायला आला तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसला. "मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"बोलला असतात तर जन्मभर तोंड बघितलं नसतं तुमचं."

"नसतं बघितलंस तरी चाललं असतं गं," मामा म्हणाला आणि चहा न घेताच उठला.

आता ती नियंत्रण कक्षात बसते. आग कुठे, किती मजले, आत माणसं आहेत का, हे ती अचूक विचारते, असं आईला भेटणारे लोक सांगतात. तिला तिथे सगळे खऱ्या नावाने हाक मारतात. घरी आली की ती उजवा पाय स्टुलावर ठेवते आणि आईने काही विचारायच्या आत टीव्हीचा आवाज वाढवते. तिची टाच भरून येताना रुंद आणि बसकी झाली. माझी वाटी तिला पुरत नाही. ज्या पावलासाठी मी घडले ते पाऊल आता कुठेच नाही.

माझी गोष्ट इथे संपायला हवी होती. मला कचऱ्यात टाकलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. पण आईला वस्तू टाकवत नाहीत. डॉक्टरांनी तिला रोज सकाळी भरभर चालायला सांगितलं आहे. तिने आम्हा दोघी बहिणींना कपाटातून काढलं, "नव्यासारख्या आहेत, वाया का घालवायच्या?" म्हणत कात्रीने आमची बोटांकडची टोकं कापली आणि आपल्या चालायच्या बुटांत बसवलं.

आईचे तळवे सपाट आहेत. माझा उभार तिच्या पायात जिथे कमानच नाही तिथे रुततो. माझी वाटी तिची टाच वाकडी धरते. ज्याला दुखणं नव्हतं अशा पायाला मी रोज थोडं थोडं दुखणं देते आहे, आणि मला आकार बदलता येत नाही. परवापासून तिचं पाऊलही बाहेरच्या कडेवर पडू लागलं आहे.

काल ती फिरून आली तेव्हा मुलगी समोरच बसली होती. तिने आईच्या पावलांकडे बराच वेळ पाहिलं.

"आई, टोचतायत का त्या गाद्या?"

"छे गं. उलट बरं वाटतं."

मुलगी काहीतरी बोलणार होती. मग "बरं" म्हणाली आणि तिने टीव्हीकडे मान वळवली. दोघींनी एकमेकींवर विश्वास ठेवला, निदान तसं दाखवलं. मला वाटतं, ही विद्या मुलगी केंद्रावर शिकली नसावी.

वाचणाऱ्याकडे माझी एकच विनंती आहे, आणि ती पुरी होईल अशी माझी अपेक्षा नाही. उद्या सकाळी ती पुन्हा निघेल. रस्त्याच्या कडेने, एक पाय जपत चालणारी म्हातारी बाई दिसली तर तिला थांबवा, कट्ट्यावर बसवा, तिचा उजवा बूट उतरवा आणि मला बाहेर ओढून काढा. ती म्हणेल, काही होत नाही मला. तिचं ऐकू नका.