बंबखान्याला आग लागली तेव्हा

मित्रांनो, मी या गावाचा जुना बंबखाना. पाटीवर 'अग्निशमन केंद्र' असे भारदस्त नाव लिहिलेले आहे, पण त्या नावाने मला कुणी हाक मारल्याचे आठवत नाही. आगीचा बंब जिथे राहतो तो बंबखाना, इतकी साधी गोष्ट.

माझा जन्मच एका आगीतून झाला. तेव्हा गावाला स्वतःचा बंब नव्हता. बाजारात एका कापडाच्या दुकानाने पेट घेतला आणि शेजारच्या गावाचा बंब येईपर्यंत विझवायला काही उरलेच नाही. बिचारे बंबवाले गरम राखेवर पाणी शिंपडून परत गेले. तहान लागल्यावर विहीर खणतात ना, तसे गावाने मग मला बांधायला घेतले. जळलेल्या दुकानाच्या शाबूत विटा गोळा करून मिस्त्रींनी माझ्या भिंती उचलल्या. एकाने नाक मुरडले, "या काळ्या पडलेल्या विटा कशाला लावता हो?"

मिस्त्री थापी न थांबवता म्हणाले, "आगीतून निघालेली वीट आहे ही. हिला आता कुणाची भीती नाही."

ते ऐकून मी अभिमानाने फुगलो. पण फुगलेली भिंत काही चांगली नव्हे. मिस्त्रींनी ओळंबा लावला आणि मला पुन्हा सरळ केले.

मला दोन उंच लाल दारे मिळाली, मागे पाण्याची टाकी आणि ओले पाइप टांगून वाळवायला एक मनोरा. वरच्या मजल्यावर जवानांच्या खाटा आणि जिन्याला लागून स्वयंपाकघर. खाटांच्या खोलीतून थेट बंबाशेजारी उतरणारा एक गुळगुळीत लोखंडी खांब होता. घंटा झाली की जिना उतरत बसायला वेळ कुणाला? खांबाला मिठी मारायची आणि सुळकन खाली यायचे.

सुरुवातीला बंबाला घोडे जुंपत. पुढे मोटार आली आणि घोडे दूधवाल्याने नेले. पण सवय कुठे सुटते? माझी घंटा वाजली की ते भर रस्त्यातून, दुधाच्या कॅनसकट, माझ्या दारात येऊन उभे राहत. मागून दूधवाला ओरडत येई, "अरे, नोकरी सुटली तुमची! कळत कसं नाही?" बायका म्हणत, आज दूध उशिरा आले म्हणजे कुठेतरी आग लागली.

मग माझ्याकडे टेलिफोन आला आणि टेलिफोनसाठी आक्का आली. पोस्टमास्तरांची ही मुलगी दाराशेजारच्या टेबलावर बसे. घाबरलेली माणसे फोनवर नुसती किंचाळायची. आक्का शांतपणे म्हणे, "आधी श्वास घ्या. आता सांगा, कुठून बोलताय?" तिचा आवाज ऐकून निम्मी आग तिथल्या तिथे विझते, असे आमचे साहेब म्हणत. साहेब म्हणजे बंबखान्याचे प्रमुख. मिशा कडक, आवाज कडक, चहा मात्र अगदी पातळ.

लहानमोठे सगळे जवान तिला आक्का म्हणत. एकटा बल्लव म्हणत नसे. हा उंचापुरा जवान सगळ्यांचा स्वयंपाक करी, म्हणून त्याचे नाव बल्लव पडले. पेटत्या घरात तो बेधडक शिरायचा, पण आक्काच्या टेबलाजवळून जाताना त्याचे पाय अडखळायचे. तिला काय म्हणावे हेच त्याला सुचत नसे. शेवटी तो "अहो फोन, जेवायला चला," असे म्हणायचा. आक्का खाली मान घालून हसायची. मी भिंत आहे, मला सगळे दिसते.

एका दुपारी गावाबाहेरच्या लाकडाच्या वखारीतून फोन आला. आक्काने घंटा वाजवली. साहेब आणि सगळे जवान खांबावरून सरसर उतरले, साहेबांनीच चाक हाती धरले आणि बंब धुरळा उडवत निघून गेला. मागे राहिली आक्का, आणि वर खाटेवर आमचे ड्रायव्हर दाजी. घसरून पडल्याने त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तोंड अखंड चालू होते.

थोड्या वेळाने दाजी वरून ओरडले, "आक्का, बल्लव काय करपवून गेलाय गं?"

बल्लवने शेगडीवर तेलाची कढई ठेवली होती आणि तो घाईत तशीच विसरून गेला होता. आक्का जिन्याकडे धावली तर जिना धुराने भरलेला. तेलाने पेट घेतला होता आणि ज्वाळा छपराच्या तुळयांना चाटत होत्या. मित्रांनो, आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या आगी पाहिल्या. पण आपल्याच डोक्यावर चटका बसला, तेव्हा मिस्त्रींचे ते वाक्य मला काही आठवले नाही. मी घाबरलो.

आक्काने धावत येऊन फोन उचलला आणि ती क्षणभर तशीच थांबली. आगीचा फोन करायचा तर करायचा कुणाला? ज्या नंबरावर सगळे गाव फोन करी, तो तिच्याच हातात होता. तिने फोन ठेवला आणि घंटेची दोरी धरून ती जिवाच्या आकांताने ओढू लागली.

बंब तर मघाशीच गेला, मग घंटा कशाची? लोक दारात आले आणि त्यांना माझ्या खिडकीतून धूर दिसला. मग काय, सगळी आळी धावली. सलूनवाला हातात वस्तरा घेऊन आला, त्याच्यामागे एका गालावर साबण तसाच असलेले हेडमास्तर आले. लाँड्रीवाल्या मावशी ओल्या चादरींचे गाठोडे घेऊन आल्या. आणि हो, ते घोडेही आले, दुधासकट.

"दाजी, खांबावरून उतरा!" आक्का खालून ओरडली.

"या पायाने?"

"मग काय, पायाची वाट बघताय?"

दाजींनी एकेक गादी ओढून खांबाच्या भोकातून खाली ढकलली, देवाचे नाव घेतले आणि खांबाला मिठी मारली. प्लास्टरचा पाय आडवा धरून ते जे सुटले, ते थेट गाद्यांवर, आणि गाद्यांवरून हेडमास्तरांच्या मांडीवर. हेडमास्तरांच्या गालावरचा साबण दाजींच्या गालावर आला.

आक्काने नाकातोंडाला ओले फडके बांधले. भिंतीवरच्या लाल बादल्यांमध्ये वाळू होती; त्या उचलून ती वर गेली, मागोमाग सलूनवाला. त्याच्या हातात कुणीतरी पाण्याची बादली दिली होती. ती उडवणार तोच आक्का ओरडली, "पाणी नको! तेल आहे ते, भडकेल! वाळू टाका!" वाळूखाली कढई गपगार झाली. मग मात्र पाणी. टाकीपासून जिन्यापर्यंत माणसांची रांग लागली. बादल्या या हातातून त्या हातात फिरू लागल्या. बादल्या कमी पडल्या तेव्हा दूधवाल्याने दूध नाल्यात ओतून कॅन पुढे केले. ओल्या चादरी तुळयांवर आपटून मावशींनी शेवटचे निखारेही विझवले.

बंब परतला तेव्हा माझे अर्धे छप्पर काळे झाले होते आणि सगळा गाव चिंब भिजून माझ्या अंगणात हसत होता. कुणीतरी म्हणालेच, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!" साहेबांच्या मिशा थरथरल्या.

"बल्लव! लक्ष कुठे होतं तुझं?"

बल्लव खाली मान घालून उभा. त्याचा चेहरा काजळीने काळा होता, पण कान लाल झालेले मला स्पष्ट दिसले.

"मी सांगतो साहेब," दाजी अंगणात आणलेल्या गादीवर पडूनच म्हणाले. "याचं लक्ष रोज एकाच ठिकाणी असतं. खाली, फोनच्या टेबलाकडे."

साहेबांनी आक्काकडे पाहिले. सगळ्या गावाने आक्काकडे पाहिले. तिचे केस विस्कटलेले, पदर भिजलेला. तिने तोंडावरचे फडके सोडले आणि ती म्हणाली, "मग स्वयंपाकघर वर कशाला ठेवलंय? खाली आणा की. नजरेसमोर राहील."

हशा असा उसळला की मनोऱ्यावरची कबुतरे उडाली. बल्लवला मात्र काही कळेना. दाजींनी त्याला कुबडीने ढोसले. "अरे, हो म्हणाली ती!"

नवे छप्पर चढल्यावर त्यांचे लग्न माझ्याच दालनात झाले. बंब बाहेर उभा करून आत पंगती मांडल्या होत्या. जेवण बल्लवने करायचे नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद होती.

पुढे काळ बदलला. नवे बंब इतके मोठे झाले की माझ्या दारात मावेनात. मग महामार्गालगत नवे केंद्र झाले आणि माझ्या दारांना कुलूप लागले. आजारी माणसाला भेटायला लोक येतात, बंद इमारतीला कोण येणार? दारांवर जाहिराती चिकटल्या, खांबाला गंज चढला. एक दिवस कानावर आले की मला पाडून तिथे गाड्या लावायची जागा करणार आहेत.

त्यावर विचार करायला लोक माझ्याच दालनात जमले. काठी टेकत आक्का आली, आधाराला बल्लव होता. ती म्हणाली, "पाडा ना, माझी काही हरकत नाही. फक्त एक सांगा. इथे बसलेल्यांपैकी पेटलेल्या तेलाचं काय करायचं, हे किती जणांना ठाऊक आहे?"

पुढच्या रांगेतून कुणीतरी "पाणी ओतायचं!" म्हणाले आणि आक्काने कपाळाला हात लावला.

"त्या दिवशी जवान इथे नव्हते. हा बंबखाना या आळीने वाचवला. नवा बंब महामार्गावरून येईपर्यंत तुम्ही काय करणार? हातावर हात ठेवून बसणार?"

मागून नव्या केंद्राच्या तरुण प्रमुख बाई उठल्या. "आजी बरोबर बोलताहेत. लोकांना शिकवायला मला गावात जागा हवीच होती. दार लहान आहे, ते बंबाला. माणसांना पुरेल."

तेव्हापासून माझी दारे रोज उघडतात. तुमच्यासारखी मुले येतात, त्यांचे आईबाबा येतात. वाळू कशी टाकायची, धुरातून वाकून कसे निघायचे, फोनवर पत्ता कसा सांगायचा, हे इथे शिकतात. पत्त्याचा धडा आक्का घेते. बल्लवकडे पाइप गुंडाळण्याचा धडा आहे, आणि त्याचे लक्ष अजूनही शेजारच्या वर्गाकडेच असते. परवा तर मला पाडायचा नकाशा काढणारे इंजिनिअर आपल्या आईला घेऊन आले. त्या आजींनी वाळूची बादली अशी काही उडवली की इंजिनिअरांचे दोन्ही बूट भरले. सारा वर्ग टाळ्या वाजवत होता आणि सर्वांत जोरात वाजवत होते ते स्वतः इंजिनिअर.

मित्रांनो, तुमच्याही वाटेवर एखादी जुनी, बंद इमारत असेल. तिची नुसती कीव करू नका, तिच्या भिंतीवर नावेही कोरू नका. मोठी माणसे तिला पाडायला निघाली, तर तिच्यासमोर उभे राहून एकदा विचारा, "तुला अजून काय काय येतं?" आणि उत्तराला जरा अवधी द्या. आमची दारे जड असतात, उघडायला वेळ लागतो.