पेटीचा मुका स्वर

अर्जदार: मी, जळगावच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा. जिच्याविरुद्ध अर्ज: माझी धर्मपत्नी सिंधू. स्थळ: मेहरूणमधील आमच्या तलावाकाठच्या घराची आतली खोली. काळ: चैत्र ते श्रावण, दुपारची वेळ. साक्षीदार: शेजारच्या लीलाअक्का, आणि तलावाच्या पाण्यावरून उसळून आमच्या छतावर थरथरणारा तो प्रकाश, ज्याने सर्व पाहिले आणि काहीच सांगितले नाही.

त्या प्रकाशाखाली सिंधू पेटी घेऊन बसे. पेटी एका मोडलेल्या भजनी मंडळाची. भात्याला धाप लागलेली, आणि एक स्वर कायमचा मुका. दुरुस्ती परवडत नसे, म्हणून त्या स्वराची जागा आली की सिंधू तो स्वतःच्या कंठाने भरून काढी. झळांनी कलंडलेल्या केळीच्या पानासारखी तिची मान तेव्हा किंचित झुके, आणि लाकडाच्या सुरांमध्ये एकच सूर सजीव होऊन उभा राही.

परंतु दार लोटलेले असे; दुपारी जेवायला आलो की मी दाराआड थबके, आणि आतून एका पुरुषाचा मृदू, सुसंस्कृत आवाज येई, "शाब्बास. छान. आता पुन्हा, माझ्याबरोबर." त्यावर सिंधू, जिने माझ्या प्रश्नांना उभ्या संसारात हुंकारापलीकडे उत्तर दिले नाही, ती विनयाने म्हणे, "हो, गुरुजी."

"भाऊ, तुमना घरमा रोज दुपारले कोन माणूस बोलस?" लीलाअक्कांनी एकदा ओट्यावरून विचारले आणि पदराआड हसल्या. "लोकेसना अर्ज लिखतस, आते आपलं घर वाचा."

श्रावणातला कानबाई या कुलदेवीचा सण तोंडावर आला असता मी कचेरीवरून अवेळी परतलो आणि दाराशी कान लावून उभा राहिलो. आत सूर अडखळला, भाता दमला, गत मध्येच तुटली, तरीही तो पुरुष म्हणाला, "शाब्बास. छान." चुकीलाही शाबासकी देणारा हा कोण गुरू? मी दार ढकलले. तांब्याला टेकवलेल्या मोबाईलच्या पडद्यावर एक वृद्ध गृहस्थ होते. कधीकाळी चित्रित झालेला, कोणालाही फुकट पाहता येणारा धडा. मी बोट लावताच ते अर्ध्या शब्दावर थिजले.

"मग हो गुरुजी, हो गुरुजी, हे कोणाला?" मी विचारले.

सिंधूने भाता मिटला. "त्याले ऐकू येत नही," ती म्हणाली. "तुमले ते ऐकू येस ना?"

त्याच संध्याकाळच्या बसने ती पारोळ्याला भावाकडे गेली. कानबाईच्या नैवेद्याचे रोट, त्या जाड गोड पोळ्या, ज्या त्या कुळानेच खायचे. माहेरच्या रोटावर लेकीचा हक्क उरत नाही, आणि सासरचा तिच्या वाट्याचा रोट मी झाकून ठेवला तो तसाच वाळला. त्या सणाला ती दोन्ही घरांच्या मध्ये उपाशी राहिली.

संशय माझा अद्याप फिटलेला नाही. त्याने केवळ दिशा बदलली आहे. मी दाराआड उभा असे, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होते काय? तो विनय, तो कंठातला सूर, नेमका कोणासाठी होता? हल्ली दुपारी मीच पेटीवर बोट ठेवतो. मुक्या स्वरावर आलो की नुसती हवा सुटते, छतावरचा प्रकाश थरथरतो, आणि गेलेला काळ त्या एका रित्या जागेतून परत श्वास घेऊ पाहतो.

तरी हा अर्ज जिच्याविरुद्ध, तिच्याच सेवेशी सादर असून, वरील बाबींचा खुलासा तिने समक्ष येऊन, पेटीपाशी बसून करावा, ही नम्र विनंती. दार लोटलेले नाही.