सहावीतला बल्ब

पायल गेले दोन महिने सहावीच्या वर्गाचा बल्ब होती. शाळेत प्रयोगाचं साहित्य नव्हतं, म्हणून राजदीप सरांनी वीजमंडळ पोरांचंच केलं होतं. सगळे गोल करून बसत. धम्मरत्न सेल, बबलू स्विच, बाकीचे वायर. प्रत्येकाच्या हातात सोयाबीनचा एक दाणा, म्हणजे वीज. बबलूनं शेजाऱ्याचा हात धरला की सगळे दाणे एकदमच पुढं सरकत आणि पायल दोन्ही हात वर करून, बत्तिशी दाखवत पेटे. वायर काय, कोणीही होतं.

सोमवारी तालुक्याहून खोकं आलं. खऱ्या वायरी, खरा स्विच, खरा सेल आणि बोराएवढा बल्ब.

"झाली तू रिटायर," बबलू म्हणाला.

"अन् तू कोणता कामावर राह्यला बे? खोक्यात स्विचही हाये."

राजदीप सरांनी जोडणी केली. अख्खी शाळा खिडक्यांना लटकली. मुख्याध्यापक घनश्याम सरांनी स्विच दाबला. काहीच झालं नाही.

"बल्बच खराब हाये," ते म्हणाले. "बांधा खोकं. वापस पाठवू."

खरं तर पायलला बरंच वाटायला हवं होतं. खोकं गेलं की तिची जागा शाबूत. पण चारचौघांत बल्बवर असा आळ?

"सर, बल्बलेच काहून बोलता?" ती ताडकन उठली. "मले दाणा भेटलाच नाही, तर पेटू कशी?"

पोरं खिदळली. राजदीप सर हसले नाहीत. "मग दाणा कुठं अडला? शोध."

तिनं स्विच बाजूला ठेवून बल्ब दोन वायरींनी थेट सेलला जोडला. पेटला! तिसरी वायर मध्ये घातली, तरी पेटला. स्विच घालून दाबला, तर पेटेचना.

"बबलूच निंघाला चोर!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मी काय केलं बे?" बबलू रडकुंडीला आला.

स्विचची पत्ती खालच्या खिळ्याला टेकतच नव्हती. पायलनं ती नखानं जराशी वाकवली आणि बबलूला म्हणाली, "दाब."

बल्ब लख्ख पेटला. घनश्याम सरांनी हातातली सुतळी गुपचूप खिशात घातली. "शाबास पोरी! राहू द्या खोकं इथंच. चूक झाली माह्यी."

"मले नका सांगू सर," पायल म्हणाली. "त्याले सांगा."

सरांनी इकडंतिकडं पाहिलं. खिडक्या गच्च भरलेल्या. मग त्यांनी चष्मा सावरला, टेबलावर वाकले आणि बोराएवढ्या बल्बाला म्हणाले, "चुकलं बाबा."