एकोणिसाव्या प्रकरणातला मर्द

खर्जरावांनी नुसतं "पाणी द्या" म्हटलं तरी समोरचा माणूस दचकून उभा राहायचा, असा त्यांचा आवाज. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यांना फक्त बँकेत गेल्यावर आठवायचं. सिमेंट, टायर, ट्रकचं इंजिन, दाढीचा साबण, सगळं त्यांनी आयुष्यभर या आवाजावर विकलं. "आवाज मर्दानी हवाय" असं कुणी म्हणायचा अवकाश, फोन यांनाच.

त्यामुळे एका अमेरिकन कादंबरीकाराच्या गाजलेल्या कादंबरीचं बोलतं पुस्तक करायचं ठरलं, तेव्हा दुसरं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही. नायक म्हणजे काय विचारता! मुष्टियुद्ध खेळतो, अस्वलं मारतो, तीन लग्नं करतो आणि मधल्या सुटीत चौथीकडे जाऊन येतो. पोटात बाटली गेली तरी नेम चुकत नाही. बायका त्याच्याकडे बघून वितळतात, आणि तो खिडकीबाहेर बघत असतो. खर्जराव जाम खूश. अठरा प्रकरणं त्यांनी हां हां म्हणता संपवली.

घोडं अडलं एकोणिसाव्यात. हाच बहाद्दर पलंगाच्या कडेला बसतो आणि बायकोला म्हणतो, "माझ्याच्यानं होत नाही गं. मला भीती वाटते. जवळ बस जरा."

काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिंगवाल्या पोरीनं हेडफोन काढला. "सर, हा माणूस घाबरलाय. तुम्ही स्लॅब टाकताय."

खर्जरावांनी घसा खाकरला, कोमट पाणी प्यायले, पुन्हा वाचलं. पुन्हा स्लॅब. आवाज खाली आणायला गेले तर अजूनच भारदस्त झाला. दुपार अशीच गेली. शेवटी पोरगी ओशाळून म्हणाली, "सर, उद्या सकाळी एकदा बघू. नाही जमलं तर दुसरा आवाज घ्या, असं प्रकाशकांचं म्हणणं आहे. म्हणजे... अख्ख्या पुस्तकालाच."

खर्जराव पुस्तकातलं ते पान खिशात घालून घरी निघाले. वाटेत लेखकाला त्यांनी मनातल्या मनात शेलक्या शिव्या घातल्या. एवढा वाघ उभा केलास, मग त्याला मांजर कशाला केलंस रे गाढवा?

राग लेखकावर होता, असं त्यांचं म्हणणं. खरी गोष्ट वेगळी होती. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून त्यांचंही एकोणिसावं प्रकरण सुरू झालं होतं. डॉक्टरांनी "दुसरा काही त्रास?" असं विचारलं, तेव्हा यांनी दवाखाना दणाणेल अशा आवाजात "छे!" म्हणून सांगितलं होतं. आणि घरी काय केलं? "मी फार घोरतो, तुझी झोपमोड नको" म्हणत आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. बायको घरीच कपडे शिवायची, बिघडलेले कपडे मापात आणून द्यायची. त्या दिवसापासून तिचं मशीन जरा जास्तच चालायला लागलं होतं, आणि खर्जरावांना ते ऐकू येत नव्हतं अशातला भाग नाही.

आताही आतून मशीनचा आवाज येत होता. खर्जराव गादीच्या कडेला बसले, पान मांडीवर ठेवलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग कंटाळून, कुणाला ऐकवायचं नाही अशा बेतानं, नुसतं पुटपुटले.

"माझ्याच्यानं होत नाही गं. मला भीती वाटते. जवळ बस जरा."

मशीन थांबलं.

गळ्यात टेप तशीच, ब्लाउजला दोन टाचण्या खोचलेल्या, अशी बायको दारात आली. क्षणभर उभी राहिली आणि येऊन खरोखरच शेजारी बसली.

"एवढंच होतं होय?" ती म्हणाली. "अहो, मला वाटलं, मीच तुम्हाला आवडेनाशी झाले. आरशात बघणं सोडलं मी."

हे खर्जरावांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मांडीवरचं पान तिला दिसलं नव्हतं. गप्प बसले असते तरी भागलं असतं. नाहीतर पान दाखवून हसले असते, तर मर्दपणा शाबूत राहिला असता. पण तिच्याशी आता आणखी एक लबाडी करायचं त्यांच्या जिवावर आलं.

"ते वाक्य पुस्तकातलं आहे," ते म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. ती उठायला लागली तसा त्यांनी तिचा हात धरला.

"पण खरं आहे. त्या गोळीपासून. लाज वाटली म्हणून पळालो. तुझं काही नाही गं त्यात, माझंच आहे सगळं."

आवाज खर्जातला नव्हता. कुठल्याच पट्टीतला नव्हता.

बायको पुन्हा बसली. डोळे पुसले, एकदा त्यांच्या दंडावर चांगली चापट मारली. मग पान उचलून उलटंसुलटं करून पाहिलं.

"पुढे काय करतो हा?"

"बंदूक घेऊन जंगलात जातो. तिथंच असतो बरेच दिवस."

"आणि ती?"

"कोण?"

"बायको हो त्याची! एवढं बोलून हा निघून गेला. ती काय म्हणाली?"

खर्जरावांनी आठवून पाहिलं. अख्खी कादंबरी त्यांनी आधी वाचून काढली होती, खुणा करून. अस्वलाच्या डोळ्यांवर अर्धं पान होतं.

"तिचं पुढे काही लिहिलेलं नाही," ते ओशाळून म्हणाले.

"म्हणजे विचारलंच नाही कुणी तिला?"

"नाही."

ब्लाउजच्या टाचण्या काढून तिनं टेपच्या टोकाला खोचल्या. खर्जरावांना जंगलात पळून जावंसं फार वाटत होतं. जवळ जंगल नव्हतं, आणि तिचा हात अजून त्यांच्याच हातात होता.

"तू सांग," ते म्हणाले. "तुला काय वाटतं?"

मग ती बोलायला लागली, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन खर्जराव पहिल्यांदा नुसतं ऐकत बसले.