संक्रांतीच्या सोमवारचा खो

पद्मजाताईंचं सोमवारचं मौन आजही चुकत नाही. देवापुढे निरांजन लागेपर्यंत तोंडातून शब्द म्हणून निघायचा नाही. पण शाळेच्या मैदानातून मुलींची "खो!" अशी आरोळी आली, की माळेचा मणी बोटांत क्षणभर अडतो. देव तेवढं चालवून घेतो.

मौन धरलं तेव्हा त्या लोणावळ्याच्या शाळेत सहावीत होत्या. थोरला भाऊ दिगंबर विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता. तो उठून बसेपर्यंत सोमवारी बोलणार नाही, असं पद्मजाने महादेवाला सांगून टाकलं. आणि नेमकी संक्रांत आली सोमवारी, त्याच दिवशी तळेगावच्या मुलींशी खो-खोचा सामना!

साऱ्या शाळेत मुली मोजून नऊ. पद्मजा नाही तर संघच नाही. आई म्हणाली, "जा बाई, पण मौन सांभाळ."

कार्ल्याची नंदा मावशीकडे राहून शिकत होती. तिने तोड काढली. "पळताना बोलावं लागत न्हाई. पाठलागाच्या वेळी हिला टोकाला बसवू. आमी हिला खो द्यायचाच न्हाई, मंग हिला दुसरीला द्यायची पाळी यीलच कशी?"

तळेगावच्या मुली सकाळच्या गाडीने आल्या. तिळगूळ वाटताना त्यांची कप्तान म्हणाली, "घे गं, गोड बोल!" पद्मजा नुसती हसली. "अगंबाई, तुमच्यात मुकीसुद्धा खेळते का?"

"ती न बोलताच हरवती," नंदा फणकारली.

पहिला डाव बरा गेला. पण लोणावळ्याच्या पाठलागात तळेगावकरणींनी मेख ओळखली. टोकाच्या मुलीला कोणी उठवत नाही, म्हटल्यावर त्यांची शेवटची गडी पद्मजाच्याच मागेपुढे घिरट्या घालू लागली. वेळ संपत आला. नंदा धापा टाकत मागून आली आणि सवयीने पद्मजाच्या पाठीवर थाप मारून ओरडली, "खो!"

पद्मजा उठली, धावली. हात पोचणार तोच ती पोर दोघींच्या मधून पलीकडे निसटली. रांग ओलांडायची नाही, मागे फिरायचं नाही. पुढ्यात संघातल्या कस्तुराची पाठ. न बोलता हात लावला, तर पंच खो धरायचे नाहीत. पद्मजाच्या डोळ्यांपुढे दादाचा सुकलेला चेहरा आला. आठ जणींचे श्वास रोखलेले.

"खो!"

कस्तुराने गडी टिपली. शाळा नाचायला लागली. पद्मजा मात्र कस्तुराच्या जागी तशीच बसून होती, तोंडावर हात घट्ट दाबून.

"दादाला काही झालं तर?" दिवे लागल्यावर ती नंदाला एवढंच म्हणाली.

"चूक माझी हाय. खो मी दिला," नंदा म्हणाली. "तुझं मौन आमी समद्या फेडू."

पुढच्या सोमवारी प्रार्थनेला मुलींची रांग गप्प. हजेरीला नुसते हात वर. नंदाला स्वतःचा भरवसा नव्हता, म्हणून ती तोंडात पाणी धरून बसली होती. शालूबाईंनी तिला पाढा विचारला. नंदाचे गाल आणखी फुगले. बाईंनी नऊही तोंडांकडे पाहिलं, पद्मजावर नजर जरा थांबली आणि म्हणाल्या, "बस हो. आज पाढे फळ्यावर लिहा."

दिवेलागणीला आठही जणी पद्मजाच्या घरी आल्या आणि दिवसभराचं तुंबलेलं एकदमच बोलू लागल्या. आतून दिगंबरची खोल गेलेली हाक आली, "कोण भांडतंय गं?" बघतात तर तो भिंतीला टेकून बसलेला, पुढ्यात मऊ भाताची ताटली.

पद्मजाने रडत रडत सारं सांगितलं.

"वेडे," तो म्हणाला, "मैदान खिडकीखाली. तुझा खो मला ऐकू आला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, उठून बघावं."

कोणाच्या पुण्याने ताप उतरला, ते महादेवालाच ठाऊक. नवस फिटला. पद्मजाताईंनी मौन मात्र सोडलं नाही. त्या दिवसापासून त्यात आठ जणींचा वाटा होता.