दर तीन मिनिटांनी थांबणारा पाय

साथ सुरू होऊन सहा महिने झाले होते आणि आमच्या घरात व्यायामाबद्दल इतकं बोललं जात होतं, की तो करायला कोणाला वेळच उरला नव्हता.

बोलणारी माझी नात. आम्ही तिला टिटवी म्हणतो. का, ते तिला दोन मिनिटं ऐकलं की कळतं. ती फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेज बंद, म्हणून सकाळी आठ ते दुपारी दोन ती पलंगावर मांडी घालून, लॅपटॉप उशीवर ठेवून वर्गात हजर असायची.

"आजोबा, तेवढी पाण्याची बाटली द्या ना," एकदा ती म्हणाली. "सलग बसून राहणं किती घातक असतं ते शिकवतायत. मधेच उठता येत नाही."

मी बाटली दिली. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना दोष. आयुष्यभर ग्रंथपाल होतो, तिथे नाही म्हणायची वेळ फारशी आली नाही.

मग कॉलेजने एक पाहणी काढली. लोकांना चालायला लावणारे हे विद्यार्थी साथीच्या काळात स्वतः किती चालतात, हे त्यांना बघायचं होतं. प्रत्येकाच्या घरी घोट्याला बांधायचा एक पट्टा आला. त्यात पावलापावलाची नोंद व्हायची आणि ती आपोआप त्यांच्या बाईंकडे जायची. चार आठवडे पट्टा बांधायचा. चाळीस जणांतून जे नियमित चालतील त्या दहा जणांना रुग्णालयाच्या वॉर्डात काम मिळणार होतं. आजारातून उठलेल्या, पण पलंगापासून दारापर्यंतही चालू न शकणाऱ्या लोकांना पुन्हा चालवायचं काम.

टिटवीला तो वॉर्ड हवा होता. किती हवा होता, ते मला एका वाक्यात कळलं. ती म्हणाली, "आजोबा, तीन वर्षांत मी एकाही माणसाला पायावर उभं केलेलं नाही. गुडघा मी फक्त चित्रात पाहिलाय. आणि तुमचा."

पहिल्या दिवशी तिची तीनशे दहा पावलं भरली. दुसऱ्या दिवशी दोनशे ऐंशी.

"एकाने पट्टा कुत्र्याला बांधलाय," तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर पट्टा नाचवत म्हणाली. "दुसऱ्याने पंख्याला बांधला. तो पकडला गेला, तासात साठ हजार पावलं झाली. आजोबा, तुम्ही तर नाहीतरी चालताच."

हे खरं होतं. मी चालत वाचतो. ग्रंथालयात बसून वाचलं की लोक काम सांगायला यायचे; चालत वाचलं की त्यांना वाटायचं मी कामात आहे. ती सवय राहिली. घरातल्या पॅसेजमध्ये, स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत बावीस पावलं, मी दिवसाचे तीन-चार तास हातात पुस्तक घेऊन येरझारा घालतो. सूनबाई म्हणते, "बाबा, तुमच्यामुळे पॅसेजमधल्या फरश्या घासल्या जातात, तेवढंच माझं काम कमी." या सवयीची घरात आजवर फक्त थट्टा झाली होती. तिची कोणाला गरज पडेल असं वाटलं नव्हतं. हे चूक आहे हे मला कळत होतं, तरी मी पाय पुढे केला, आणि खरं सांगायचं तर मला जरा बरंही वाटलं.

टिटवीची पावलं रोज अकरा हजारांवर गेली. एका आठवड्यात मला एक खुनाची कादंबरी सापडली, तेव्हा सतरा हजार. त्यानंतर मी एका राजाचं चरित्र घेतलं आणि आकडा चार हजारांवर आला.

"आजोबा, हा राजा बदला," टिटवी म्हणाली. "माझं नुकसान होतंय."

मी राजा बदलला.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी तिच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी पॅसेजमध्ये होतो, तिच्या खोलीचं दार उघडं होतं. टिटवीचा आवाज आधी मंजूळ होता. शाबासकीची वाट पाहणारा.

"तुझी नोंद मी तीनदा तपासली," बाई म्हणाल्या. "मिनिटाला साठ पावलं. एकवीस वर्षांची मुलगी इतकी हळू चालत नाही. दुपारी एक ते तीन पूर्ण झोप. हा पट्टा तुझ्या पायात नाही."

टिटवीने पाय पांघरुणाखाली ओढून घेतले.

"ते नंतर बघू. मला काळजी वेगळीच आहे. हे जे कोण आहे, ते दर तीन मिनिटांनी थांबतं. वीस सेकंद थांबतं, मग पुन्हा चालतं. रोज, न चुकता. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की असं होतं. थोडं चाललं की पोटरी दुखते, थांबलं की दुखायची थांबते. आपण मागच्याच महिन्यात शिकलो. दुर्लक्ष केलं तर पाय जाऊ शकतो. कोण आहे ते, सांग."

टिटवीने क्षणभरही विचार केला नाही. वॉर्ड, यादी, चार आठवडे, सगळं तिथेच टाकून ती ओरडली, "आजोबा! इकडे या! मॅडम, माझे आजोबा आहेत. मीच बांधला. तुम्ही मला काय हवी ती शिक्षा करा, पण आधी त्यांना बघा."

मला पलंगावर बसवून तिने माझा पायजमा गुडघ्यापर्यंत वर सरकवला. एका अनोळखी बाईंपुढे माझ्या पोटऱ्या उघड्या पडल्या होत्या. पुस्तक कुठे लपवावं ते कळेना, म्हणून मी ते पाठीमागे धरलं.

"पावलावर बोटं ठेव. ठोके लागतायत?" बाई विचारत होत्या.

टिटवीचे हात गार पडले होते. "नाही लागत. नाही... थांबा. लागले! लागतायत, मॅडम."

"आता घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे."

"इथेही आहेत. दोन्ही पायांत. चांगले जोरात."

"पाय गार आहेत?"

"पाय गरम आहेत. मीच गार आहे."

बाई चक्रावल्या. मग त्यांनी मला चालायला सांगितलं. टिटवी फोन धरून मागे, मी पुढे. मी सहा मिनिटं रिकाम्या हातांनी चाललो. एकदाही थांबलो नाही.

"काका, दुखतं कुठे?"

"कुठेच नाही," मी म्हणालो.

"मग तुम्ही थांबता का?"

आता सांगणं भाग होतं. पण कसं सांगावं ते सुचेना. मी पुस्तक घेतलं आणि रोजच्यासारखा निघालो. डावं पान झालं, उजवं पान झालं. खिडकीशी थांबलो. खिडकीत एका बशीत ओला स्पंज होता. त्यावर बोट टेकवलं, चष्म्यावर आलेले केस बाजूला केले, पान उलटलं, बोट रुमालाला पुसलं आणि पुढे चालू लागलो.

बाईंना इतकं हसू आलं, की पडद्यावर फक्त त्यांचं छत दिसत होतं.

"पूर्वी मी जिभेला बोट लावायचो," मी खुलासा केला. "ते दोन सेकंदांत व्हायचं. पण साथ आल्यापासून हिने बंदी घातली. स्पंजही हिनेच ठेवला."

"म्हणजे आजारही तूच दिलास," बाई टिटवीला म्हणाल्या. मग त्यांचा आवाज गंभीर झाला. "चार आठवड्यांची नोंद रद्द. पहिल्या तुकडीत तुझं नाव नसेल."

"हो, मॅडम."

"दुसरी तुकडी महिन्याने निघेल. पट्टा स्वतःच्या पायात बांध. आणि ठोके बरोबर शोधलेस. बहुतेक जण घाबरले की स्वतःच्याच बोटाचे मोजतात."

त्या महिन्यात पॅसेजमध्ये आम्ही दोघं असायचो. माझ्या हातात कादंबरी, तिच्या हातात शरीररचनेचं विटेएवढं पुस्तक. पहिल्या दिवशी ती आठशे पावलांवर खाली बसली. "आजोबा, तुम्ही दमत कसे नाही?" मी म्हणालो, पुढे काय होतं ते बघायचं असतं म्हणून. ती म्हणाली, "माझ्या पुस्तकात पुढे फक्त यकृत आहे." खिडकीशी आमची टक्कर व्हायची, कारण स्पंज एकच होता.

दुसऱ्या यादीत तिचं नाव दहावं, म्हणजे शेवटचं होतं.

ती रुग्णालयात राहायला गेल्यावर पॅसेज फार लांब वाटू लागला. मी वाचत होतो, पण समोरून येणारं कोणी नव्हतं. वॉर्डातल्या तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मला वाटलं, घरची आठवण आली असेल. काय बोलावं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

"आजोबा, लवकर सांगा, मला वेळ नाही," टिटवी म्हणाली. "माझा एक पेशंट आहे. शिंपी आहे. सतरा पावलं चालतो आणि बसतो. पुढे जायचंच नाही म्हणतो. त्याच्यासाठी एखादं पुस्तक हवंय. मोठ्या अक्षरांचं, हलकं, एका हातात मावेल असं."

"खुनाचं चालेल?"

"पळेल," ती म्हणाली. "आणि बशीसकट पाठवा."