फोटोतलं सोनेरी वलय

चाकूच्या टोकाने खरवडूनही सोनेरी वलय निघेना. निघणार कसं? स्टुडिओवाल्याने ते सेलीनताईच्या डोक्याभोवती फोटोतच छापलं होतं. "संतांना असतं तसं हवं," असं विनयानेच हौसेने सांगितलं होतं. हौसेला मोल नाही म्हणतात, पण आता ती अंगाशी आली होती.

राजधानीतल्या द्वारका भागातल्या या फ्लॅटवर फादर दिलीप दहा मिनिटांत जबानी घ्यायला पोचणार होते. विनयाची थोरली बहीण, नर्सचं काम करणारी नन, सिस्टर सेलीन, जाऊन नऊ वर्षं झाली होती. प्रार्थनेत तिला येशू दिसायचा, तासन्‌तास भान नसायचं. तिला संतपद द्यावं का, याची चर्चकडून चौकशी सुरू होती. आणि नियम असा उफराटा, की चर्चने संत म्हणण्याआधीच लोक पूजा करायला लागले, तर प्रकरण अडतं! इथे तर दर शुक्रवारी सोसायटीतल्या बायका मेणबत्त्या आणि झेंडूचे हार घेऊन नवस बोलायला येत. काल चौथ्या मजल्यावरच्या निधीला विनयाने फोन केला होता.

"कल कोई मत आना, प्लीज."

"क्यों आंटी? बच्चे का रिज़ल्ट है!"

विनयाने बसून पाहिलं, उठून पाहिलं, दोनदा पाणीही पिऊन पाहिलं. शेवटी फोटो बाल्कनीतल्या वॉशिंग मशिनमध्ये घालून झाकण लावलं, तोच बेल वाजली.

फादर वसईचे, त्यामुळे बोलणं मराठीतच. बायबलवर हात ठेवून शपथ झाली. सोबत आलेली सिस्टर जबानी लिहून घ्यायला बसली.

"विनयाताई, इथे सिस्टरांच्या फोटोची पूजा होते? लोक येतात?"

"छे हो. बिल्कुल नाही."

म्हणाली खरी, पण ताई आठवली. ताई जन्मात खोटं बोलली नाही. 'मला काही दिसत नाही' एवढं एक खोटं बोलली असती, तर कॉन्व्हेंटने तिला वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं नसतं.

"थांबा," विनया उठली आणि फोटो आणून तिने टेबलावर ठेवला. "दर शुक्रवारी येतात. मेणबत्त्या, हार, नवस, सगळं. सुरुवात मीच केली. ते 'नाही' खोडा."

फादरांनी फोटो हातात घेतला. "प्रकरण कित्येक वर्षं मागे पडेल. कदाचित बंदही होईल."

"कळतंय मला." विनयाला रडू फुटलं. जगाने ताईला मानलेलं तिला डोळ्यांनी बघायचं होतं, आणि एकाहत्तराव्या वर्षी वाट बघायला वर्षं उरली होती कुठे? "आणखी एक लिहा. कॉन्व्हेंटने सांगितल्यावर त्या वेड्यांच्या डॉक्टरकडे तिला मीच घेऊन गेले होते. ऑटोत ती म्हणाली, 'विनू, तू तरी.' मी म्हटलं, 'नाटकं बंद कर.'"

सिस्टरचं पेन थांबलं.

"हे आम्ही विचारलं नव्हतं," फादर हळूच म्हणाले.

"कुणीच विचारलं नाही. म्हणून तर सांगते."

तिने कागद पुढे ओढले आणि सरकारी नोकरीतल्या सवयीने प्रत्येक पानाखाली पूर्ण नावाची सही केली. शेवटच्या पानावर 'दिवंगताशी नातं' या शब्दांपुढे जागा रिकामी होती. तिथे तिने सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिलं: धाकटी बहीण.